महानियंत्रकाच्या पोटातली वीट

मी महानियंत्रक बोलतोय. महानियंत्रक, तिसरी आवृत्ती! पहिली आणि दुसरी आवृत्ती कधी निघालीच नाही, पण ते कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. दिसायला मी मोठा भारदस्त. करडा पत्रा, चार स्क्रू, पुढे चकचकीत अक्षरांत नाव आणि डोक्यावर सारखा लुकलुकणारा हिरवा दिवा. पोटात काय आहे म्हणाल, तर एक बॅटरी, थोडी रद्दी आणि एक वीट. हसू नका. या विटेच्या जोरावर मी भल्याभल्यांना गप्प केलंय.

मला जन्म दिला मास्तरांनी. मास्तर पूर्वी सरकारी खरेदी विभागात होते. तिथे त्यांनी एकदा एक मोठं मशीन घेतलं. त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण चारचौघांत विचारायचं कसं? म्हणून मान डोलावली आणि सही ठोकली. ते मशीन एक दिवसही चाललं नाही. दुपारी लोक त्याच्यावर डबे उघडून जेवायचे. मास्तरांच्या मनाला ते इतकं लागलं, की निवृत्त झाल्यावर त्यांनी शिकवायचं काम मागून घेतलं. किचकट मशीनं, कॉम्प्युटर असलं सगळं सरकारी माणसांनी डोळे उघडे ठेवून विकत कसं घ्यावं, याचा तीन दिवसांचा वर्ग. वर्गाला एक मशीन हवं, म्हणून स्टॅबिलायझरच्या जुन्या खोक्यातून मी झालो.

विटेची युक्ती मास्तरीणबाईंची. त्यांनी मला उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हे फारच हलकं झालंय. जरा जड करा. जड वस्तूला कुणी प्रश्न विचारत नाही." आणि कुंडीखालची वीट धुऊन पुसून आणून दिली.

बाई किती खरं बोलल्या, ते पहिल्याच वर्गात कळलं. मास्तर टाय लावून विक्रेता व्हायचे आणि समोरच्यांनी मला विकत घ्यायचं, असा खेळ. तीन दिवस माझी अशी काही बडदास्त! एक जण विचारी, वॉरंटीच्या प्रती किती मिळतील? दुसरा म्हणे, उद्घाटनाला झाकायचं कापड बरोबर येतं का? एका साहेबांना तर माझा करडा रंग त्यांच्या केबिनला शोभणार नाही याचीच काळजी. मला उचलून बघायचे, "हं, दणकट आहे," म्हणायचे आणि तिसऱ्या दिवशी 'माल चालू स्थितीत मिळाला' या कागदावर झरझर सह्या करायचे. मी करतो काय, हे कुणी म्हणजे कुणी विचारत नव्हतं. विचारलं तर शेजारच्याला वाटायचं ना, याला एवढंही माहीत नाही!

सह्या झाल्या की मास्तर स्क्रू काढून वीट टेबलावर ठेवायचे. मग काय, एकेकाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पण गंमत ऐका. अशा अकरा तुकड्या फसल्या, तरी माझं बिंग बाहेर फुटलं नाही. ऑफिसात परत जाऊन 'मी वीट विकत घेतली' असं कोण सांगणार? त्यामुळे पुढची तुकडी तितक्याच भक्तिभावाने माझ्यासमोर येऊन बसायची. मला तर भारी मजा यायची.

बाराव्या तुकडीत भांडारवाली ताई आली. पाणीखात्याचं भांडार तिच्याकडे. शेवटच्या बाकावर बसायची, वहीत सगळं उतरवून घ्यायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही. पुढच्या बाकावर नियमवाले अण्णा. त्यांना सगळे नियम कलमासकट पाठ. ते बोलू लागले की ताई आणखीच आक्रसून बसायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले आणि ताई एकटीच वर्गात थांबली. फोन आला तिच्या साहेबांचा. आवाज एवढा मोठा, की मलाही सगळं ऐकू आलं. गावातले पाण्याचे व्हॉल्व्ह खोलीत बसून उघडता-बंद करता येतील असं मशीन त्यांच्याकडे येऊन पडलं होतं.

"दिवे लागलेत, स्क्रीन चालू आहे, अजून काय हवंय? उद्या संध्याकाळपर्यंत 'माल चालू स्थितीत मिळाला' म्हणून तुमची सही पाठवा."

"हो साहेब," ताई म्हणाली. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत पुटपुटली, "मला त्यातलं काही कळत नाही रे. विचारलं तर हसतील. आणि बिघडलं तर? आमची आळी चढावर, पाणी आधीच शेवटी येतं. सासूबाई या वयात हंडे वाहणार, आणि कागदावर सही सुनेची."

खरं सांगतो, मला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. दिवा विझवता आला असता तर तिथल्या तिथे विझवला असता.

तिसऱ्या दिवशी कागद फिरला. सतरा सह्या झाल्या. कागद ताईपुढे आला. तिने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"मास्तर, एक विचारू? हे करतं काय?"

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. मास्तर टाय सारखा करत म्हणाले, "ताई, हे सगळंच करतं!"

"मग त्यातलं एक तरी करून दाखवा."

"त्याला आमचा तज्ज्ञ लागतो. तो जरा बाहेरगावी आहे."

"मग निदान उघडून दाखवा."

अण्णा गर्रकन वळले. "अहो बाई, पुरवठादाराचं सील तोडता येत नाही. नियम आहे."

ताईचे कान लाल झाले, पण ती उठली. मास्तरांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून तिच्या हातात दिला. एक, दोन, तीन, चार स्क्रू, आणि भर वर्गात माझं पोट उघडं पडलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावून पाहिलं. वीट ती वीटच.

मास्तर खुर्चीत बसले. "अकरा तुकड्या झाल्या," ते म्हणाले, "पण सहीच्या आधी उघडणारी तू पहिली, पोरी." त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही गहिवरून आलं, पण वीट रडत नाही.

ताईने तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, मी येईपर्यंत सही नाही. सोमवारी आपले पाणी सोडणारे काका ते मशीन चालवतील आणि कंपनीचा माणूस खोलीबाहेर थांबेल. मग बघू." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. ताईने फोन कानापासून थोडा लांब धरला आणि सगळं ऐकून घेतलं. "रागवा साहेब, पण खाली नाव माझं आहे."

जाताना तिने मास्तरांकडे मला मागून घेतलं. म्हणून सोमवारी मी पाणीखात्यात, मशीनच्या शेजारी टेबलावर होतो. कंपनीचा माणूस बोटं नाचवत मशीन दाखवू लागला. ताईने त्याला गोड शब्दांत बाहेर चहा प्यायला पाठवलं. काका पुढे बसले. एकतीस वर्षं गावभर फिरून हाताने व्हॉल्व्हची चाकं फिरवणारा माणूस. त्यांनी बटण दाबलं, तर मशीनने पासवर्ड मागितला, आणि तो फक्त बाहेर चहा पिणाऱ्याला माहीत! त्याला आत बोलावून काकांनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही रजेवर गेलात, तर त्या दिवशी गावाने तोंड कशाने धुवायचं?"

तीन आठवडे तो माणूस काकांना शिकवत होता. आधी नाखुशीने, मग मन लावून. काकांनी त्याला गावातला एकेक उलटा बसवलेला व्हॉल्व्ह दाखवला, तेव्हा तर तोच वही काढून लिहायला लागला. शेवटी एका सकाळी काकांनी एकट्याने मशीन चालवलं. थोड्या वेळाने ताईचा फोन वाजला. सासूबाई ओरडत होत्या, "अगं, पाणी आलं! हंडा भरून वाहतोय!"

ताईने माल मिळाल्याचा कागद पुढे ओढला. आपल्या नावाच्या वर पट्टीने एक रेघ आखली आणि काकांपुढे सरकवला.

"माझी सही?" काका बावरले. "मी कोण? माझी चालते का?"

"तुम्ही केल्याशिवाय मी करणार नाही."

काकांनी पँटला हात पुसले. कागद डोळ्यांजवळ धरला आणि ओठ हलवत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा वाचला. कितीतरी वेळ लागला. ताईचे साहेब दारात येऊन उभे राहिले, तेही थांबले. मग काकांनी सही केली, अगदी सावकाश, पूर्ण नावाची.

आता मी ताईच्या टेबलावर उघड्या पोटाने बसलेला असतो. विक्रेते येतात, माझ्याकडे बघतात आणि आवाज थोडा खाली आणून बोलतात. माझं ठीक चाललंय. तुम्हाला एवढंच सांगायचंय: तुमच्याकडे नवं मशीन आलं, की ज्याला ते रोज चालवायचंय त्याला आधी हाक मारा. तो येईपर्यंत पेनाचं टोपण काढू नका.