‘बार उडवणे’ आणि माझी साक्ष

मित्रांनो, जरा हळू उघडा! पाठ खिळखिळी झालीय माझी. मी न्यायालयाच्या ग्रंथालयातला एक जुना, जाडजूड शब्दकोश आहे. छापखान्यात जुळाऱ्यांनी डोळे फोडून माझ्या एकेका अक्षराचा शिशाचा खिळा जुळवला, तेव्हा कुठे मी जन्माला आलो. तरुणपणी काय थाट होता म्हणून सांगू! मोठमोठे वकील एका अर्थावरून हमरीतुमरीवर यायचे आणि शेवटी मलाच शरण यायचे. पुढे मेजामेजावर संगणक आले आणि मला खिडकीत ठेवलं. का, तर वाऱ्याने झडप आपटू नये!

मग तो स्फोट झाला. भरदुपारी स्टेशनात एकोणीस माणसं गेली. आमचा टपाल आणणारा शिपाईही त्यातच गेला. आठवड्याच्या आत नवा कायदा आला. नुसत्या संशयावरून कुणालाही सहा महिने डांबता येईल, असा. लोक म्हणाले, बरं झालं, कडकच हवा. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं.

आणि एका शनिवारी सकाळी कारकून धावत आला, मला फडक्याने पुसलं आणि थेट न्यायाधीशबाईंच्या मेजावर नेऊन ठेवलं. बारा वर्षांनी! माझी पानं नुसती फडफडत होती.

समोर एक शिंपी उभा होता. नऊ दिवस कोठडीत होता बिचारा. गुन्हा काय? तो फोनवर व्याह्यांना म्हणाला होता, “हॉल बघून ठेवलाय. पुढच्या शनिवारी बार उडवून टाकू. थोरल्या आक्काला मात्र आत्ताच कळू देऊ नका, ऐनवेळी घोळ घालेल.” फोन ऐकणारा तपास अधिकारी परमुलखातला, आपली भाषा पुस्तकातून शिकलेला. त्याने ‘बार’ म्हणजे स्फोट आणि ‘थोरली आक्का’ म्हणजे टोळीची म्होरकी, असं लिहून टाकलं!

“अहो, लेकीचं लग्न आहे आज संध्याकाळी,” शिंपी हात जोडून म्हणाला. “बार उडवणे म्हणजे... आता काय सांगू, सगळेच म्हणतात की हो!”

बाईंनी मला उघडलं. ब... बा... बार! त्या पानाची कड कसरीने कुरतडलेली. माझा जीव टांगणीला लागला. पण ओळ शाबूत होती! बाईंनी ती मोठ्याने वाचली, “बार उडवणे : लग्नकार्य उरकून टाकणे.” दालनात हशा पिकला. मी तर हरखूनच गेलो.

सरकारी वकील मात्र हसला नाही. “मॅडम, अर्थ मलाही ठाऊक आहे. माझ्या बहिणीचा बार आम्ही असाच उडवला. पण कट करणारे असल्याच बोलण्याआड लपतात. आपली चूक झाली, तर आणखी एकोणीस घरं उजाड होतील. कायदा सहा महिने देतो, ते द्या.”

माझा उत्साह मावळला. त्याचं बोलणं काही खोटं नव्हतं. शब्दाचा अर्थ मी सांगीन, पण माणसाच्या मनात काय आहे ते मी कुठून सांगणार?

बाईंनी अधिकाऱ्याला विचारलं, “हॉल कुणी पाहिला?”

“कायद्यात तशी अट नाही, मॅडम.”

“अट नाही, पण मनाई तरी आहे का? दहा मिनिटांवर आहे हॉल. जा, कोपरा न् कोपरा शोधा. काही सापडलं, तर सहा महिने मीच देते. मी इथून हलत नाही.”

दोन तास! शिंप्याची नजर दारावर, माझीही दारावर. शेवटी अधिकारी घामाघूम होऊन परतला.

“खुर्च्या आहेत, फुलं आहेत, आणि थोरल्या आक्का आहेत,” तो म्हणाला. “त्यांनी मला अर्धा तास झापलं. मुलगी म्हणते, बाबा आल्याशिवाय लग्नाला उभी राहणार नाही.” मग त्याने मान खाली घातली. “आधीच जायला हवं होतं. माझं चुकलं, मॅडम.”

सुटला! शिंपी सुटला! मला उडी मारता आली असती, तर मेजावरून मारलीच असती. कारकुनाने त्याच्या हातात आपला फोन दिला. शिंपी घाईघाईने बोलू लागला, “व्याहीबुवा, मी सुटलो! आलोच. आजच बा...” आणि त्याची जीभ अडखळली. त्याने चोरून अधिकाऱ्याकडे पाहिलं. “विवाह,” तो हळूच म्हणाला. “आज विवाह आहे.”

आता कुणी हसलं नाही. मला फार फार वाईट वाटलं.

मित्रांनो, पिशव्या तपासा, पहारे बसवा, कायदेही करा. स्फोट मीही सोसलाय. पण माणसाला डांबण्याआधी एकदा त्याला विचारा, एकदा जाऊन बघा. नाहीतर शब्द माझ्या पानांत राहतील, आणि ते बोलायला कुणी धजणार नाही.