चादरीचं दुसरं टोक

चिमणीच्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी ताईनं वजन उतरवायचं, पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. लग्नाचे फोटो आले तेव्हा ताईच म्हणाली होती, "चिमणे, यात मी दिसतेय. नवरी कुठं ठेवलीस?" सगळे पोट धरून हसले. पण जिना चढताना ताई मध्येच कठडा धरून का थांबते, हे चिमणीला ठाऊक होतं.

दोघी बहिणींची लॉन्ड्री होती, आईनं उभी केलेली. धुलाईची यंत्रं होती, पण जाड विणीच्या चादरी यंत्रात पिळल्या की आकार सोडायच्या. त्या हातानंच पिळायच्या. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन टोकं धरायची आणि पीळ देत जायचं. जिच्या हातून टोक सुटेल तिनं चहा करायचा, हा आईच्या वेळचा नियम. ताईच्या हातून टोक कधी सुटलंच नव्हतं. चहाचं पातेलं चिमणीच्याच नशिबी.

"हत्तिणीशी गाठ आहे," ताई म्हणायची. "घाल आधण."

ऑपरेशननंतर ताई झरझर उतरू लागली. गाठोडी तोलायच्या काट्यावर दर सोमवारी चढायची आणि काटा मागे सरकला की चिमणी टाळ्या पिटायची. कौतुकाच्या भरात तिनं ताईला साधी बादलीही उचलू दिली नाही. "तू बस गं. रुमालांच्या घड्या घाल." ताई चार चमचे सूप प्यायची आणि पोट भरलं म्हणायची. तेही चिमणीला शहाणपणाचंच वाटायचं.

मग एक दिवस ताईनं हौसेनं चादरीचं टोक धरलं. दुसऱ्याच पिळाला ते हातातून निसटलं आणि सपकन फरशीवर आपटलं. ताई आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. मग आत गेली आणि तिनं चहा टाकला.

पुढच्या खेपेला चिमणीनं हात सैल सोडला. ताई थांबली.

"पिळतेयस की गोंजारतेयस?"

"पिळतेय की."

"चिमणे, मला रोज चहा करायला लाव. पण खोटं जिंकवू नकोस." ताईनं चादर खाली ठेवली. "टोक धरता येत नसेल तर या दुकानात मी शोभेला बसू का?"

तपासणीला दोघी मिळून गेल्या. डॉक्टरीणबाईंनी ताईला चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्रावर अनवाणी उभं केलं, हातात त्याच्या दोन मुठी दिल्या. आकडे बघून त्या म्हणाल्या, "वजन छान उतरलंय. पण चरबीबरोबर स्नायूही गेलेत. थोडे सगळ्यांचेच जातात, तुमचे जास्त गेलेत. खाता काय? उचलता काय?"

"ही काही उचलू देईल तर ना!"

चिमणीचा चेहरा पडला. "बाई, काटा तर चांगला खाली येत होता."

"काट्याला चरबी काय अन् स्नायू काय, सारखंच." डॉक्टरीणबाई हसल्या. "ताटात आधी अंडं, डाळ, दही. बाकीचं मागून. आणि वजन उचलायचं, हळूहळू वाढवत. लॉन्ड्रीत ओझ्यांना काय तोटा?"

परतताना चिमणी पदरानं डोळे पुसत होती. ताईनं तिला कोपरानं ढोसलं. "रडू नकोस. लाडानं कुणी मेलं नाही. उद्यापासून बादली माझी."

आधी बादलीत दोनच ओले टॉवेल. मग अर्धी बादली, मग भरलेली. भिंतीला हात टेकून उठाबशा. जेवताना अंड्याचा शेवटचा घास नकोसा व्हायचा, तेव्हा चिमणी समोर बसून राहायची. काट्याचा सरकण्याचा वेग मंदावला, एका सोमवारी तर तो हललाच नाही.

"ताई, अडकला गं!"

"अडकू दे. माझ्या दंडाला हात लावून बघ."

चिमणीनं लावला. दंड टणक होता.

वर्ष फिरलं. माहेरपणाला आलेली लेक दारातच उभी राहून बघत होती. बहिणींच्या मध्ये चादर ताणलेली. चिमणीनं पाय रोवले, दात आवळले, अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावली. ताईनं पीळ दिला. आणखी एक दिला. पाण्याची धार लागली, चादर कडक झाली, आणि टोक चिमणीच्या हातून सुटलं. ती बदकन खाली बसली.

"मावशी!" लेक ओरडली. "आईला लागलं!"

"हिला कुठं लागतंय?" ताई म्हणाली. "आधण घाल गं, चिमणे. साखर बेताची."

चिमणी फरशीवर बसल्या बसल्याच हसत सुटली. पुढे आठवडाभर कपडे घ्यायला येईल त्याला ती सांगत होती, "आमच्या ताईनं मला पाडलं. मी मुळीच सैल सोडलं नव्हतं हं!"

ताई वारली ती पुढं कितीतरी वर्षांनी, चिमणीच्या नातीची शाळा संपली त्या वर्षी, थंडीत, न्यूमोनियानं. तोवर चादरीचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं.