बाई ओरडेनाशा झाल्या

मी एक जुना, काळा पडलेला फिल्टर आहे. गाडी शिकवणाऱ्या एका बाईंच्या पांढऱ्या गाडीत मी सहा वर्षे काढली. सध्या त्याच गाडीत मागच्या सीटखाली, गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून आहे. त्याचे मला काही वाईट वाटत नाही. हल्ली मला कशाचेच काही वाटत नाही. पण मित्रांनो, सांगायला बसलोच आहे, तर सगळे नीट सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. न विणलेल्या पांढऱ्या कापडाचा लांबलचक पट्टा यंत्रातून सरकत होता. यंत्राने त्याला बारीक बारीक घड्या घातल्या, भोवती चौकट चिकटवली आणि कडेला एक बाण छापला. हवेने कोणत्या दिशेने जायचे, हे तो बाण सांगतो. तपासणीच्या टेबलावर एका कामगार बाईने मला दिव्यासमोर धरले, "झकास" म्हटले आणि खोक्यात टाकले. माझे पहिले कौतुक ते. त्यानंतर बरीच वर्षे दुसरे झाले नाही.

गाडीत चालकाच्या शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर एक कप्पा असतो. लोक त्यात कागदपत्रे, चष्मे, खोकल्याच्या गोळ्या आणि पुन्हा कधीही न लागणाऱ्या वस्तू ठेवतात. त्या कप्प्याच्या मागे एक अरुंद खोबण असते. तिथे मी राहत होतो. पुढच्या काचेखालच्या जाळीतून बाहेरची हवा आत यायची, ती आधी माझ्याकडे. धूळ, धूर, फुलांचे पराग, वाळक्या पानांचा चुरा, कधी एखादा डास, हे सगळे मी घड्यांमध्ये अडवायचो आणि उरलेली हवा पंख्याच्या हवाली करायचो. पंखा ती एसीच्या गार नळ्यांवरून फिरवून माणसांच्या तोंडावर सोडायचा. माणसांना वाटायचे, एसी किती छान आहे.

त्या कप्प्यासमोर बाई बसायच्या. दिवसाचे आठ तास. शिकणारा चालकाच्या जागेवर आणि बाई शेजारी. त्यांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा क्लच आणि ब्रेक होता. बाई अंगाने काटकुळ्या, पण आवाज असा, की गाडीच्या काचा बंद असल्या तरी कोपऱ्यावरचा फळवाला दचकायचा. "क्लच दाबा म्हटलं की दाबायचा! विचार नंतर घरी जाऊन करा!" शेजारून जाणारा सायकलवालाही घाबरून आपला ब्रेक दाबायचा. शिकणारे रडकुंडीला यायचे, घरी जाऊन बाईंच्या नावाने बोटे मोडायचे, आणि पहिल्याच परीक्षेत पास व्हायचे. नापास होणारे थोडे होते. त्यातला एक सुतार होता. तो दोनदा नापास झाला आणि पुन्हा आलाच नाही. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

मला खरे तर वर्षाला एकदा बदलायला हवे होते. धुळीचा रस्ता असेल तर त्याहूनही लवकर. बाई निष्काळजी नव्हत्या, हे आधी सांगून टाकतो. सर्व्हिसिंगला गाडी दिली, की त्या गॅरेजवाल्याला दर वेळी बजावायच्या, "फिल्टर बदला हं आठवणीने."

"बदलतो, बाई," तो म्हणायचा, आणि बदलायचाही. पण तो बदलायचा बॉनेटखालचा, इंजिनाचा फिल्टर. बाईंना वाटायचे, गाडीत फिल्टर एकच असतो. त्याला वाटायचे, बाई मागतात तो हाच. दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नाही. इंजिनाचा फिल्टर दर वर्षी कोरा करकरीत यायचा, आणि मी इंजिनामागच्या भिंतीपलीकडे तोच राहायचो.

सुरुवातीला मला प्रत्येक कण कळायचा. हा डांबराचा, हा भिंत फोडलेल्या घराचा, हा बागेतला. तिसऱ्या वर्षी घड्या बुजत आल्या. चौथ्या वर्षी जाळीतून पाणी झिरपले, पानांचा चुरा कुजला आणि मला कुबट वास येऊ लागला. मग तो वासही कळेनासा झाला. दुखले नाही. बसून बसून पायाला मुंग्या येतात आणि मग पाय आपला वाटतच नाही, तसे माझे सगळे अंग झाले. बाईंनी आरशाला सुगंधी कार्ड टांगले. पंखा एकवरून दोनवर, दोनवरून चारवर नेला. एसीत गॅस भरून आणला. पंखा घरघरायचा आणि हवा मात्र फुंकर मारल्याएवढी यायची.

पाचव्या वर्षी बाईंना खोकला लागला. नंतर दम पुरेना. "क्लच दाबा" हे दोन शब्द एका श्वासात मावेनात, म्हणून त्या नुसत्या "क्लच" म्हणू लागल्या, तेही हळू. कोणी गाडी फुटपाथवर चढवली तर "असू दे" म्हणू लागल्या.

आणि मित्रांनो, लोक खूश झाले! "बाई किती प्रेमळ झाल्या," शिकणारे एकमेकांना सांगू लागले. "वयाने माणूस निवळतो," कोणी म्हणाले. बाईंकडे नावे नोंदवायला रीघ लागली. एकीने तर जाताना त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाई, तुमच्यासारखा शांत स्वभाव कोणाचाच नाही." बाई हसल्या. उत्तर द्यायला त्यांच्याकडे दम नव्हता. त्यांची छाती माझ्यापासून दीड हातावर वरखाली होत होती, आणि ती का होते आहे हे त्या गाडीत फक्त मला माहीत होते. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

एका संध्याकाळी बाईंची मुलगी चष्म्याच्या दुकानातले काम आटोपून गाडीत बसली. बाईंनी गाडी सुरू केली आणि खोकल्याची उबळ आली.

"आई, पुरे आता," मुलगी म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले? छातीला आराम द्या. तू देतेस?"

"रविवारी देते की."

"महिनाअखेर वर्ग बंद कर. मी ऐकणार नाही."

"बंद करून काय करू? घरी कोणाला शिकवू? फ्रीजला?"

मुलगी हसली नाही. सिग्नलला बाई म्हणाल्या, "बरं. महिनाअखेर." तीस वर्षांचे काम असे एका सिग्नलला संपले. बाईंनी नवी नावे घेणे थांबवले. हातातले शिकणारे पूर्ण करायचे आणि गाडी विकायची, असे ठरले.

त्या शेवटच्या शिकणाऱ्यांत तो सुतार होता. दोनदा नापास होऊन पळालेला. चार वर्षांनी धीर एकवटून परत आला होता. कानावर पेन्सिल, शर्टावर लाकडाचा भुसा. पहिल्याच दिवशी गाडी मागे घेताना त्याने खांबाला धडक दिली.

"असू दे," बाई म्हणाल्या.

सुताराने गाडी बंद केली आणि वळून बाईंकडे बघितले.

"बाई, तुमचं बरं नाहीये का?"

"का?"

"ओरडला नाहीत. मागच्या वेळी नुसतं खांबाकडे बघितलं तरी ओरडला होतात."

"दम लागतो हो, दादा."

"घरी पण?"

बाईंनी थोडा विचार केला. "घरी एवढा नाही. रविवारी तर बराच कमी असतो."

सुताराने हवेच्या झडपेसमोर तळहात धरला. पंखा चारवर घरघरत होता. "हवा कुठंय? आमच्या धूळ ओढायच्या यंत्राची पिशवी भरली ना, की असाच नुसता आवाज करतं. फिल्टर कधी बदललात?"

"मागच्याच महिन्यात."

"कोणता?"

"कोणता म्हणजे काय? फिल्टर!"

सुताराने बाईंना गॅरेजवाल्याला फोन लावायला सांगितला. पलीकडून उत्तर आले, "तो होय? आतल्या हवेचा? तो वेगळा असतो, बाई. तो तुम्ही कधी सांगितलाच नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत," बाई म्हणाल्या आणि खोकत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी सुतार नवा फिल्टर घेऊन आला. गाडीच्या पुस्तकात बघून त्याने गाडी बंद केली, कप्पा रिकामा केला, कप्प्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या आणि तो खाली झुकवला. मागचे लांबट झाकण दोन खिट्ट्या दाबून काढले. सहा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. "थांबा, आधी बाण बघू," तो म्हणाला. "खालच्या दिशेला आहे. नवा पण तसाच बसवायचा." मग त्याने मला धूळ सांडू न देता हळूहळू ओढून बाहेर काढले.

बाई बघतच राहिल्या. घड्यांमध्ये काळा, ओलसर लगदा होता.

"हे सगळं माझ्या छातीत गेलं?"

"हे यानं अडवलं, बाई. याच्यात जागा संपल्यावर जे आलं, ते तुमच्याकडे गेलं."

माझे दुसरे कौतुक ते. सुताराने खोबण ओल्या फडक्याने पुसली, नवा फिल्टर बसवला आणि झाकण लावले. बाईंनी मला टाकू दिले नाही. "राहू दे. गॅरेजवाल्याच्या डोळ्यांसमोर नाचवायचाय मला," म्हणून त्यांनी मला पिशवीत बांधले. डॉक्टरांनाही सगळे सांगितले. डॉक्टरांनी औषध दिले आणि पंधरा दिवस काचा उघड्या ठेवून शिकवायला सांगितले.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरी गाडी असेल, तर आज मोठ्यांना घेऊन तो कप्पा रिकामा करा. हवा कमी येत असेल, कुबट वास येत असेल, काचा पुसल्या तरी धुरकट होत असतील, तर वाट बघू नका. माझ्यासारख्याला झटकून पुन्हा बसवू नका, आम्ही झटकल्याने नवे होत नाही. आणि एखादे ओरडणारे माणूस अचानक गोड बोलू लागले, तर त्याला जरा बरे आहे का, ते विचारा. आम्ही कप्प्यामागचे, आम्हाला स्वतःहून काही सांगता येत नाही. त्या माणसालाही येत नसेल.

मी एवढे बोलून थांबणार होतो. पण ते पंधरा दिवस संपले, आणि आज सकाळी चढावरच्या सिग्नलला सुताराने गाडी थांबवली. दिवा हिरवा झाला, त्याने क्लच सोडला, गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली.

"हँडब्रेक! अहो हँडब्रेक! आरशात काय भांग पाडताय!"

गाडी जागच्या जागी थांबली. मागचे हॉर्न थांबले. पिशवीसकट मी थरथरलो. बाईंना खोकला आला नाही. सुतार स्टिअरिंगला धरून हसत होता आणि त्याच वेळी डोळे पुसत होता.

"रडताय काय? गिअर टाका!" बाई म्हणाल्या.

त्या क्षणी मला काहीतरी वाटले, मित्रांनो. काय ते नीट सांगता येणार नाही, सवय राहिलेली नाही. पण वाटले.

चढ संपल्यावर बाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि मुलीला फोन केला. वर्ग बंद होणार नाही, गाडी विकायची नाही, पुढच्या महिन्याची नावे आजपासून घेतेय, असे सगळे एका श्वासात सांगितले. पलीकडून मुलगी काहीतरी म्हणाली.

"अगं, ओरडत नाहीये मी," बाई ओरडल्या, "बोलतेय!"