बेल आणि बेल्ल

ऐका की, २००६ सालचं हाय. आमच्या वर्गात विद्याश्री होती, कुरुंदवाडची. तिनं एमेस्सीला प्रोजेक्ट काय घेतला, तर कॉम्प्युटरला झाडपाल्याचं औषध शिकवायचं. म्हंजे औषधात कुठली झाडं, त्यातली रसायनं शरीरात कुठं जाऊन काय करत्यात, हे सगळं प्रोग्रामला घालायचं. मग तो आपणहून शिकून कशाचा कशाशी संबंध ते जाळं काढून दाखवणार. जमलं तर पुण्याला पीएचडी, न्हायतर मे महिन्यात लगीन, असं घरात ठरलंवतं.

औषधं सांगितली तिच्या आत्तीनं, शांतादेवींनी. अर्धं मराठी, अर्धं कानडी, सगळं टेप करून घेतलेलं. त्या टेप ऐकून टाइप कुणी केल्या? आमच्या विश्वजितनं. गडी गारगोटीचा, कानडीचा वासबी न्हाय.

जाळं निघालं तर मधोमध बेल. खोकल्याला बेल, सांध्याला बेल, पोटाला बेल. सर खूश. "शंकराचं झाड, उगंच का," म्हणाले. विद्याश्रीच्या घरात तर रोज लिंगावर बेल वाहत्यात, तिलाबी पटलं.

मग ती सणाला घरी गेलती. आत्ती औषधाच्या गोळ्या वळत बसलेली, हात चिकट.

"आत्ती, ह्यात बेल कुठाय?"

"बेल शिवाला गं. औषधाला बेल्ल. त्याबिगर कडू कोण गिळतंय?"

बेल्ल म्हंजे कानडीत गूळ.

परत येऊन तिनं सांगितलं, तर विश्वजित म्हणतोय, "मग एक ल वाढवू की."

"रसायनं चुकल्यात विश्या, ल न्हाय."

सर म्हणाले, "परीक्षक पुण्याचे. त्यांना कुठलं कानडी? राहू दे."

तिनं न्हाय राहू दिलं. बेल काढला, प्रोग्राम परत चालवला. जाळं सुटलं, नुसते ठिपके उरले. तेच घेऊन तोंडी परीक्षेला गेली.

परीक्षकांनी विचारलं, "मधे काय होतं?"

"गूळ, सर. आमच्याकडचा हाय, सगळ्यात असतोय."

ते हसले. पास केलं, पण पुण्याची जागा दुसऱ्याला गेली.

मग पावणं बघायला आलं. चहा झाला. मुलाची आई सहज म्हणाली, "आमच्यातबी झाडपाल्याचं औषध देत्यात, लांबनं लोक येत्यात."

विद्याश्री उठली, आतनं टेपरेकॉर्डर आणला, रेकॉर्डचं बटण दाबून त्यांच्यापुढं ठेवला आन म्हणाली, "गूळ सोडून काय काय घालता, सांगा बघू."