म्हातारीची माहिती

दवाखान्याच्या लॉन्ड्रीत मावशींनी एकतीस वर्षं काढली, तीही एकाच मशीनपाशी. चादरी धुणाऱ्या त्या अगडबंब मशीनला सगळे 'म्हातारी' म्हणत. शुक्रवारी मावशी निवृत्त होणार, आणि साहेबांनी फर्मान काढलं: म्हातारीची माहिती दोन पानांत लिहून द्या. नवी मुलगी ती वाचून मशीन चालवू शकली तर ठीक, नाहीतर म्हातारी भंगारात!

मावशींनी जीव ओतून लिहिलं. घरी सुनेने वाचलं आणि ती हसतच सुटली. सून शाळेत शिकवायची.

"आई, 'गुणाची आहे, कधी दगा दिला नाही' ही माहिती झाली की लग्नाचं स्थळ? मशीन कसलं, भाग कुठले, कशानंतर काय करायचं, एवढंच लिहा."

"म्हणजे माझं कौतुक गेलं चुलीत!" मावशी फणफणल्या. पण बसल्या पुन्हा लिहायला. तीनदा खोडलं.

शुक्रवारी सकाळी नव्या मुलीने कागद हातात घेतला. मावशींनी चकार शब्द काढायचा नाही, असं साहेबांनी बजावलेलं. मुलीने चादरी भरल्या, साबण घातला, दार लावलं, हिरवं बटण दाबलं. म्हातारी ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्मच! साहेबांनी घड्याळ पाहिलं.

मावशींना काही सुचेना. सगळं तर लिहिलं होतं, मग राहिलं काय? तेवढ्यात त्यांची नजर दाराच्या उजव्या कडेवर गेली. कंबरेच्या उंचीवर तिथला रंग उडाला होता, पत्रा जरासा चेपलाही होता. अगं बाई! दार लावलं की रोज तिथे कंबरेने एक धक्का. इतका अंगवळणी पडलेला, की आपण काही करतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

बोलायला बंदी होती, लिहायला थोडीच होती? मावशींनी मुलीच्या हातातून कागद ओढला आणि खरडलं: 'दार लावल्यावर उजव्या कडेला, रंग उडालेल्या जागी, कंबरेने एक धक्का द्यावा.' जरा थांबून पुढे लिहिलं, 'जोरात.'

मुलीने धक्का दिला. आत खटका बसला आणि बटण दाबताच म्हातारी घरघरायला लागली.

"राहू दे मग हिला," साहेब हसून म्हणाले.

म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातून सुरू झालेली मावशी पहिल्यांदाच पाहत होत्या. डोळे भरून आले, पण जीव कसा शांत झाला.

"मावशी, आता तुम्ही नसलात तरी चालेल की!" मुलगी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"अगं, तेच तर लिहिलंय त्यात," मावशी म्हणाल्या.