रथमातेचं डावं दार

कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. नोएडात घरं नवी, नळ नवे, टीव्हीवरच्या वाहिन्या नव्या. भीती तेवढी गावाकडून ट्रंकेत घालून आणलेली. गर्दीच्या मधोमध झेंडूच्या माळांखाली एक जुनी, बाकदार, शेंदरी मोटार उभी होती. ती म्हणे रथमाता. चाळीस पावसाळे उघड्यावर काढले, तरी अंगाला गंज शिवला नाही. देवीचंच तेज ते!

"लोहा है, पर लाज जानता है!" महाराज गर्जत होते. "साफ मन को पकड़ेगा, पापी को पटकेगा! बोलो रथमाता की..."

"जय!"

लाल फडक्यात गुंडाळलेला काळा दगड महाराज मोटारीच्या डाव्या दाराला टेकवायचे आणि हात सोडायचे. प्रॉपर्टी डीलरच्या बायकोचा दगड चिकटला. बँकेतल्या साहेबांच्या आईचाही चिकटला. म्हातारी गहिवरून रडली. मग प्रणिताची पाळी आली आणि दगड धप्पकन मातीत पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला, तेव्हा शेजारच्या बायकांनी पदर सावरून पाऊल मागे घेतलं.

"इसकी कोख में दो दीये बुझे हैं," महाराज डोळे मिटून म्हणाले. "इकतालीस दिन आश्रम में छोड़ दो. अकेली."

मागच्या रांगेत उभ्या सूर्यकांतांची कानशिलं तापली. प्रणिता त्यांची सून. दोन वर्षांत दोनदा तिची कूस भरली होती, दोनदा अंगाई ओठावर येण्याआधीच रिती झाली होती. हे महाराजांना दिव्यदृष्टीनं दिसलं? छे! गेल्या आठवड्यात महाराजांची सेविका घरी चहा पिऊन गेली, आणि हेमलतानं, सूर्यकांतांच्या बायकोनं, तिच्यापाशी रडून सगळं सांगितलं. आता हेमलता सुनेची भरलेली बॅग हातात धरून उभी होती. मुलगा यतीन चपलेनं माती उकरत होता.

सूर्यकांत मोटार वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. थोरल्या भावाची एकसष्ट सालची गाडी घेऊन दोन वर्षं घराखाली बसले होते: गंजका पत्रा कापायचा, नवा तुकडा बेतायचा, टाके मारत वेल्डिंग करायचं. त्यांनी एकच पाहिलं होतं. दारावर दोन स्वस्तिकं होती. डीलरिणीचा दगड वरच्या स्वस्तिकावर टेकवला, प्रणिताचा खालच्या. आणि जुन्या गाडीचं दार आधी खालूनच सडतं.

ते गर्दी कापत पुढे आले. "दगड द्या इकडे."

"अपवित्र हाथ!" चेला ओरडला.

"ग्रीस आहे, बेटा. पापापेक्षा लवकर निघतं." त्यांनी दगड उचलून सुनेच्या हातात दिला. "प्रणिता, वरच्या स्वस्तिकावर ठेव."

"बाबा, नको... पुन्हा पडला तर?"

"ठेव तर खरी."

तिनं ठेवला. दगड घट्ट बसला.

मग महाराजांनी दोन्ही हात उंचावले. "माता ने क्षमा कर दिया! चमत्कार!"

"जय!" गर्दी पुन्हा गरजली. हेमलतासुद्धा!

इथे मात्र सूर्यकांतांचा संयम सुटला. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी खालच्या स्वस्तिकात खुपसला आणि पिळला. शेंदरी रंगाची हातभर खपली निखळली. आत लोखंड नव्हतंच. होती वाळकी पुट्टी, गोणपाट आणि गेल्या दिवाळीच्या हिंदी पेपरचा बोळा. त्यावर वॉशिंग मशीनची जाहिरात.

"हे बघा देवीचं तेज!" त्यांचा आवाज फाटला. "दगड म्हणजे लोहचुंबक. पत्रा असेल तिथे चिकटतो, पुट्टीवरून पडतो. जुनी गाडी घेताना आम्ही असंच तपासतो, कुठे सडलीय ते! सडलेला पत्रा चकाकतं लोखंड लागेपर्यंत कापावा लागतो, मग नवा जोडावा लागतो. त्यात हात भाजतात. या भामट्यानं तेवढंही केलं नाही. भोकात बोळा कोंबला, वर शेंदूर फासला, आणि त्या भोकाचं पाप माझ्या सुनेच्या पदरात बांधलं! आणि तुम्ही? शिकलेली माणसं! एकानं तरी विचारलं का, की जागा हाच का ठरवतो?"

बँकवाल्या साहेबांच्या आईनं बोळा उलगडला. "अरे, ये तो मशीन का इश्तहार है," ती म्हणाली, आणि महाराजांकडे अशी बघत राहिली की चेले माळा गोळा करू लागले.

हेमलता सुनेजवळ आली. "मला काय ठाऊक गं, असं असेल... चल घरी."

प्रणितानं तिच्या हातातली बॅग काढून घेतली. "घरी नाही, आई. डॉक्टरांकडे. आणि मी एकटी नाही. यतीनही तपासून घेईल."

"मी?" यतीन दचकला. "यार, माझी तपासणी कशाला?"

"रक्तच देणार आहेस. मघाशी मी देत होते तशी परीक्षा नाही ती."

यतीननं मान खाली घातली, मग होकारार्थी हलवली.

वाचणाऱ्या बाई, वाचणाऱ्या दादा, तुमच्या कॉलनीत असा रथ आला तर जयजयकार करण्याआधी एवढंच विचारा: हीच परीक्षा माझ्या हातानं, मी म्हणेन त्या जागी, पुन्हा घेऊ द्याल का? जो नाही म्हणेल, त्याच्या हवाली आपल्या लेकीसुना करू नका.