सन्माननीय नागरिक आणि आमची ताई

शहरातल्या चौकाचौकांत ते मोठे विजेचे फलक आहेत ना, त्यांच्यावरची अक्षरं मी टाकते. एरवी जाहिराती, संकटात सूचना. संगणक माझी मीच शिकले, त्यामुळे कुणी कौतुक करण्याची वाट न बघता मीच करून घेते. सूचनेची सुरुवातही माझीच: 'सन्माननीय नागरिकांना सविनय कळविण्यात येते की...'

त्या दुपारी बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया गळला. साहेब धावत आले. "बाई, घरात थांबा, खिडक्या लावा, एवढंच टाका. पटकन!"

टाकलं. माझ्या पद्धतीनं.

कारखान्यामागेच माझी थोरली बहीण राहते. कानानं अधू, फोन कायम कपाटात. प्रत्येक फलकावर रस्ता बघायला कॅमेरा असतो, तसा तिच्या घरासमोरच्या फलकावरही आहे. त्यात ताई दिसली, गॅलरीत कपडे वाळत घालताना. तिनं फलकाकडे पाहिलं, 'सन्माननीय' वाचलं आणि पुन्हा भावजींची विजार झटकायला लागली. आपल्याला कोण सन्माननीय म्हणतंय! माझं 'सविनय' मुंगीच्या पावलांनी सरकत होतं. 'वायू' अजून रांगेतच.

सगळं पुसलं आणि बडवलं: 'ताई, कपडे मरू देत! विषारी वायू आलाय. घरात हो, खिडक्या लाव. बहिरी आहेस, आंधळी नाहीस!'

ताईनं वर पाहिलं. कमरेवर हात ठेवले, म्हणजे वाचलं. मग आत गेली. धाड, धाड खिडक्या लागल्या.

मी श्वास सोडला आणि बाकीच्या कॅमेऱ्यांच्या पडद्यांकडे नजर गेली. फक्त तिच्यासमोरचाच फलक निवडायचा, हे मी विसरले होते. चौकाचौकांत 'ताई, कपडे मरू देत!' झळकत होतं. आणि गल्लोगल्ली खिडक्या लागत होत्या. एक मिशाळ गृहस्थ तर हातातली चादर टाकून घरात पळाले.

मागे साहेब उभे.

"काढते, साहेब."

"हात लावू नका! आज पहिल्यांदा लोक वाचतायत."

संध्याकाळी गळती थांबल्याचा निरोप आला, तेवढ्यात माझा फोन वाजला. ताई!

"सगळ्या शहरात मला बहिरी करून ठेवलंस गं, शहाणे!"

"ताई, अगं, मी..."

"बोलू नकोस, ऐकू येत नाही. वायू गेला का ते फलकावर टाक. कपडे आत घ्यायचेत."